एक हजार एकशे चाळीस वाक्ये

माझ्या धाकट्या बहिणीने एकोणतीस वर्षे बसस्थानकावर उद्घोषणा केल्या. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक अरुंद खोली होती. तेथे हिरव्या कापडाने मढवलेल्या टेबलापाशी बसून, कोणती बस कोणत्या फलाटावरून सुटणार हे ती सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत सांगत असे. गावातील बहुतेकांनी तिला कधी पाहिले नव्हते. परंतु बाजारात तिने टोमॅटोचा भाव विचारला, की आसपासची दोन-तीन माणसे नकळत पिशव्या उचलून निघण्याच्या पवित्र्यात उभी राहत. असे निदान तिचे यजमान सांगतात. ते त्याच स्थानकावर बसचालक होते. “मी आधी आवाज ऐकला आणि तोंड नंतर पाहिलं,” असे ते लग्नाविषयी म्हणतात. “तोवर उशीर झाला होता.”

घरात तिचे नाव भोंगा. ते मी ठेवले. ती तेव्हा पाच वर्षांची होती, मी शालान्त परीक्षेच्या अभ्यासाला बसलो होतो, आणि ती जिन्यात उभी राहून आमच्या घरातील प्रत्येक बातमी खालच्या शेजारणीला पुरवीत होती. आई माझ्यावर रागावली. बहिणीने मात्र ते नाव पदवीसारखे मिरवले.

तिच्या कामाच्या दोन रीती येथे नोंदवल्या पाहिजेत, कारण पुढे जे घडले ते त्यांवाचून समजणार नाही.

पहिली अशी. स्थानकावर संगणक आला आणि सुट्या शब्दांतून वाक्ये जोडण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा प्रत्येक आकडा तिने तीनदा ध्वनिमुद्रित केला: एकदा वाक्याच्या आरंभी येईल तसा, एकदा मध्ये येईल तसा, आणि एकदा शेवटी येईल तसा. “मधला ‘तीन’ शेवटी लावला, तर माणूस तिथंच उभा राहतो, दादा,” तिने मला समजावले होते. “त्याला वाटतं, बाई अजून काही सांगणार आहे. तोवर बस जाते.”

दुसरी रीत अशी की, कोणत्याही ध्वनिमुद्रणाची ती दुसरी प्रत ठेवीत नसे. नोकरीच्या चौथ्या वर्षी एकाच बसच्या दोन ध्वनिफिती कपाटात होत्या, एक जुनी आणि एक नवी. घाईत जुनी वाजली. त्रेचाळीस प्रवासी सात नंबरच्या फलाटावर सामानासह उभे राहिले आणि बस दोन नंबरवरून रिकामी निघून गेली. त्या दिवसापासून तिचा नियम झाला: नवे झाले की जुने तत्काळ पुसायचे. मी स्वतः एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेखकक्षाचा प्रमुख होतो. दोन प्रतींमुळे माजणारा गोंधळ मी पुष्कळ पाहिला होता, त्यामुळे मला तिचा नियम योग्य वाटत आला. ही संमती मी येथे मुद्दाम नमूद करीत आहे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिचा ‘सात’ फुटू लागला. इतर आकडे नीट येत. ‘सात’चा ‘सा’ मात्र मध्येच चिरे. आम्ही थंडीला दोष दिला, मग धुळीला, मग वयाला. अखेरीस तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्र काढावे लागेल असे ठरले. मला सांगण्यात आले की, ते काढले म्हणजे आजारही गेला. शस्त्रक्रियेला पाच आठवडे होते.

रुग्णालयात बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सुचवले की, आवाज आहे तोवर लागतील ती वाक्ये घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. पुढे एका छोट्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने कळ दाबताच हवे ते वाक्य तिच्याच आवाजात वाजेल. बहुतेक रुग्ण साठ-सत्तर वाक्ये करतात, असे त्या म्हणाल्या.

भोंग्याने एक हजार एकशे चाळीस केली.

तिने आधी दोनशे पानी वही घेतली आणि उरलेल्या आयुष्यात आपल्याला काय काय बोलावे लागेल याची यादी केली. वहीचे विभाग पाडून मी तिला समास आखून दिले. दवाखान्याची वाक्ये अठ्ठेचाळीस झाली, बाजाराची एकशे दहा, फोनची एकोणसत्तर. आकडे, वार आणि महिने अर्थात प्रत्येकी तीनदा. सर्वांत मोठा विभाग भांडणाचा होता.

“दोनशे चौदा?” तिचे यजमान वही पाहून म्हणाले. “अगं, भांडणार कुणाशी एवढी? घरात तर मी एकटाच आहे.”

“म्हणून तर दोनशे चौदात भागवलंय,” ती म्हणाली.

भाऊजींना संगणकावर पत्ते खेळण्याचा नाद आहे. त्यांच्यासाठी सहाशे बारा क्रमांकाचे वाक्य होते: “अहो, पुरे झाले पत्ते, डोळे जातील.” ते तिने चार वेळा पुन्हा केले. रागाचे प्रमाण मनासारखे साधत नव्हते. प्रत्येक वेळी आधीचे पुसून नवे केले.

पाचव्या आठवड्यात तिचा आवाज इतका खोल गेला, की शेवटची चाळीसएक वाक्ये तिने पाण्याचा घोट घेत, दोन-दोन शब्दांनी पूर्ण केली. हजाराच्या पुढची वाक्ये ऐकताना तो फरक कळतो. कोणी तरी हळूहळू जिना उतरत जावे तसे वाटते.

आता संगणकाविषयी. तो अकरा वर्षे वयाचा होता आणि सुरू व्हायला अकरा मिनिटे घेई. भाऊजी म्हणत की दर वाढदिवसाला एक मिनिट चढते. त्याला चालवणाऱ्या जुन्या प्रणालीची मुदत संपली होती. तिच्या कंपनीचा लाल चौकटीतला इशारा दिवसातून अनेकदा येई: आपले यंत्र यापुढे सुरक्षित नाही. कधी कधी बहिणीचे वाक्य ध्वनिमुद्रित होत असतानाच ती चौकट उघडे आणि सर्व काही थिजून जाई. बोलण्याचा तो छोटा प्रोग्रॅमही या जुन्या प्रणालीवर चालत नव्हता. नवी प्रणाली या यंत्राला पेलणारी नव्हती. मग आम्ही कोपऱ्यावरच्या रेडिओताईंकडे गेलो.

ताईंच्या दुकानावर अजून त्यांच्या वडिलांची रेडिओदुरुस्तीची पाटी आहे. आत त्या संगणक दुरुस्त करतात. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या बाई. त्यांनी सांगितले की, एक मुक्त प्रणाली आहे, ती जुन्या यंत्रावर हलकी चालते आणि तो प्रोग्रॅम मुळात तिच्याचसाठी लिहिलेला आहे.

“मुक्त म्हणजे फुकट?” भाऊजींनी विचारले.

“फुकट तर आहेच. पण मुक्त म्हणजे तिचं पोट उघडं आहे. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं.”

“पोट उघडं टाकून फिरणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?”

“तुम्ही बंद पोटावर अकरा वर्षं ठेवलात की,” ताई म्हणाल्या.

आमच्या यंत्रात दोन डिस्क होत्या, एकाच मापाच्या, एकाच बनावटीच्या; पहिली भरत आल्यावर भाऊजींनी तशीच दुसरी आणून बसवून घेतली होती. ताईंनी बेत सांगितला. ध्वनिमुद्रणे पहिल्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवायची. नंतर पहिली पूर्ण पुसून तिच्यावर नवी प्रणाली बसवायची. दुसरीला हात लावायचा नाही. त्यांनी नव्या प्रणालीचा पेनड्राइव्ह दिला आणि सगळ्या पायऱ्या एका कागदावर क्रमाने लिहून दिल्या. मी त्या कागदाला प्लास्टिकचे वेष्टन केले.

“आणि बाई, पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत काढून ठेवा,” त्या बहिणीला म्हणाल्या.

“नको,” बहीण म्हणाली. तोवर तिचा आवाज कागद चोळल्यासारखा झाला होता. “एकच प्रत. दोन झाल्या, की चुकीची वाजते.”

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, होकाराची.

रविवारी दुपारी तिने सर्व काही दुसऱ्या डिस्कवर हलवले, पहिलीवरून गेल्याची खात्री केली आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली. सोमवारी ती रुग्णालयात दाखल झाली. बुधवारी स्वरयंत्र काढले. त्या सकाळी, ढकलखुर्चीत बसताना, ती मला म्हणाली, “दादा, मी येईन तेव्हा मशीन बोलायला तयार हवं.” हे तिच्या तोंडचे मी ऐकलेले शेवटचे वाक्य. ते वहीत नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी भाऊजी रुग्णालयातून परतल्यावर आम्ही कामाला बसलो. ताई येणार होत्या, परंतु त्यांच्याकडे दुसऱ्या कामाची घाई होती. शिवाय कागद होता. कागद हाती असताना माणसासाठी थांबावे हे मला कधी पटलेले नाही.

पहिल्या पायरीत आतली धूळ काढण्यास सांगितले होते. मी पेटीचे झाकण काढले. पंख्यावर करड्या लोकरीसारखा थर होता. तो मऊ कुंचल्याने काढला. तेव्हा मला दिसले की, दोन्ही डिस्कच्या लाल वायरी एकमेकींना ओलांडून गेल्या आहेत. वरच्या डिस्कची खालच्या खाचेत, खालच्या डिस्कची वरच्या खाचेत. काही कारण दिसत नव्हते. कोणी तरी घाईत, बेफिकिरीने खोचल्या असाव्यात. मी त्या काढल्या आणि प्रत्येक वायर आपापल्या समोरच्या खाचेत सरळ बसवली.

“हे कागदावर आहे का?” भाऊजींनी विचारले.

“नाही. पण वाकड्या होत्या.”

“असतील बुवा,” ते म्हणाले.

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू झाले. भाषा निवडण्यास सांगितले, तर यादीत मराठी होती. मी ती निवडली आणि मला समाधान वाटले, हेही नोंदवतो. सहाव्या पायरीला दोन डिस्कांची यादी आली. मापे सारखी, बनावट सारखी, फक्त क्रमांक वेगळे. पहिलीच्या खाली फिकट अक्षरांत एक ओळ होती: या डिस्कवर माहिती आढळली आहे. मी ती वाचली. मी विचार केला की, पहिलीवर जुनी प्रणाली आहे, तीही माहितीच. दुसरीच्या खाली काय लिहिले होते ते मी वाचले नाही, कारण कागदावर स्पष्ट लिहिले होते: पहिली निवडा, दुसरीला हात लावू नका.

पडद्याने विचारले: ही डिस्क पूर्ण पुसली जाईल, ही क्रिया मागे घेता येणार नाही, पुढे जायचे का?

मी चष्मा पुसला, कागदाशी ताडून पाहिले आणि ‘होय’वर दाबले.

चाळीस मिनिटे लागली. भाऊजींनी चहा केला. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत होती. खोलीत त्या पंख्याखेरीज आवाज नव्हता, आणि आता धूळ गेल्यामुळे तोही फार बारीक झाला होता. मला उगाचच उठून खिडकी उघडावीशी वाटली.

यंत्र पुन्हा सुरू झाले, ते पन्नास सेकंदांत.

“अरे, हे तर धावायला लागलं,” भाऊजी म्हणाले. “आता तिचं एखादं वाजवा ना. बाजारातलं वाजवा. फार दिवस झाले.”

मी दुसरी डिस्क उघडली. तेथे जुनी प्रणाली होती. अकरा वर्षांची, जशीच्या तशी. भाऊजींच्या पत्त्यांच्या खेळासह. मी ती बंद केली आणि पुन्हा उघडली. मग एकेक कप्पा उघडून पाहिला. भाऊजी मागे उभे होते.  माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा हात त्यांनी काढून घेतला.

माझ्या हाताखालून सदतीस वर्षे कागद गेले आणि एकही गहाळ झाला नाही, असे मला निवृत्तीच्या दिवशी लेखी मिळाले आहे.

रेडिओताई आल्या. उघड्या पेटीसमोर त्यांनी गुडघे टेकले.

“काका, या वायरींना कुणी हात लावला होता?”

“मी सरळ केल्या.”

“कशाला?”

“वाकड्या होत्या.”

त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन दोन्ही खाचा पाहिल्या. मग त्यांनी समजावले की, यंत्राला डिस्कची ओळख नसते, खाचेची असते. वरच्या खाचेत जी लागली ती पहिली. वायरी ओलांडलेल्या होत्या, म्हणूनच आमची पहिली ही पहिली होती. मी सरळ केल्या आणि पहिली दुसरी झाली, दुसरी पहिली. त्यानंतर मी कागदाप्रमाणे अचूक वागलो होतो.

“त्या डिस्कवर आता नवं घर बांधलंय. तिथलं विसरा,” त्या म्हणाल्या. “पण बाईंनी रविवारी ज्या डिस्कवरून हलवलं, ती शाबूत आहे. पुसलेलं लगेच जात नाही, काका. दारावरची पाटी काढतात, माणूस आतच असतो. दुसरा कुणी राहायला आला, की मग मात्र गेला.” त्या भाऊजींकडे वळल्या. “रविवारनंतर हे मशीन कुणी वापरलं का?”

भाऊजी पलंगावर बसले. “रोज,” ते म्हणाले. “पत्ते खेळलो. दुपारी दवाखान्यातून आलो, की खेळायचो. कुणी ओरडत नव्हतं ना.”

“किती दिवस?”

“नऊ.”

ताईंनी ती जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळली. जाताना दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “एक सांगून ठेवते. जे निघेल ते बिननावाचं निघेल. आणि पुसलेलं सगळंच निघेल. हवं तेवढंच निवडून काढता येत नाही.” त्या वेळी मी फक्त पहिल्या वाक्याकडे लक्ष दिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक हजार तीनशे अठरा तुकडे आणून त्याच मुक्त प्रणालीवर ठेवले. कोणत्याही तुकड्याला नाव नव्हते, क्रम नव्हता. काही अर्ध्यावर तुटले होते. काहींच्या शेवटी खरखर होती. जुनी डिस्क त्यांनी माझ्या स्वाधीन केली.

बहीण दुसऱ्या दिवशी घरी आली. गळ्याला पांढरी पट्टी, हातात पांढरी पाटी आणि पुसता येणाऱ्या शाईचा पेन. भाऊजी स्वयंपाकघरात गेले आणि तेथेच राहिले. मी उभा राहून तिला सर्व सांगितले, क्रमाने, वायरींपासून. माझी संमती, माझा कागद, माझे ‘होय’. तिने पाटीवर लिहिले: किती गेली?

“माहीत नाही. ऐकल्याशिवाय कळणार नाही.”

तिने पाटी पुसली. पुन्हा लिहिले: वही आण.

तेव्हापासून आम्ही दोघे रोज सकाळी नऊ ते बारा ऐकत बसू लागलो. ती तुकडा वाजवी, मी वहीत त्याचा क्रमांक शोधी, ती नाव देई, मी समासात खूण करी. तीन ‘पाच’ सापडले की ती ते ओळीने वाजवी आणि कोणता आरंभीचा, कोणता मधला, कोणता शेवटचा हे ती बोटाने दाखवी. भांडणाची वाक्ये निघाली की भाऊजी स्वयंपाकघरातून उत्तर देत.

“तुम्हाला काही सांगून उपयोग नाही,” यंत्र म्हणे.

“मग सांगतेस कशाला?” आतून.

ती हसे. हसण्याचा आवाज येत नसे. खांदे हलत, आणि गळ्यावरच्या पट्टीतून शिटीसारखा थोडा वारा जाई. त्याची मला सवय होत नव्हती. सहाशे बारा नवव्या दिवशी सापडले, शाबूत. भाऊजी दारात येऊन ऐकून गेले. त्या संगणकावर पत्ते खेळणे त्यांनी पूर्ण बंद केले होते. तो चालू असला तरी ते जवळून जाताना हात मागे बांधीत.

एकोणिसाव्या दिवशी हजाराच्या वर खुणा झाल्या होत्या आणि कोणती वाक्ये गेली याचा अंदाज येऊ लागला होता. तिने पुढचा तुकडा वाजवला. पहिले काही क्षण नुसती खोली ऐकू आली: पंखा, भांड्याचा आवाज, दूर कोणाचे तरी पाऊल. मी वहीवर पेन्सिल टेकवून थांबलो.

मग भाऊजींचा आवाज आला. “पण दादांना सांगायला नको का?”

“नाही सांगायचं,” तिचा आवाज म्हणाला. तिसऱ्या आठवड्यातला असावा. अजून बराच भरीव होता. “त्याला सांगितलं, तर तो तक्ता करून भिंतीवर लावेल.”

“फुप्फुसातलं तर ते काढणारच नाहीत म्हणाले ना.”

“नाही. गळ्याचं काढलं, की श्वास मोकळा होईल. एवढंच.”

“वर्ष म्हणाले.”

“वर्ष म्हणाले. पुढे गेलं तर गेलं.”

“मग एवढी वाक्यं गं कशाला? हजार-हजार?”

“म्हणजे? वर्षभर गप्प बसू का मी?”

खुर्ची सरकली. “अगंबाई, हे चालूच राहिलं होतं,” असे ती म्हणाली आणि तुकडा संपला.

त्याच दिवशी तिने तो पुसला असणार. जुने तत्काळ पुसण्याचा तिचा नियम होता.

मी वहीकडे पाहत राहिलो. तिने पाटी ओढली. तिच्या अक्षराला नेहमी थोडा उजवा कल असतो. या वेळी ते सरळ होते: यादीत नाही. काढून टाक.

मी माउसवर हात ठेवला. पडद्याने विचारले: हा तुकडा काढून टाकायचा का? माझ्या हातून ‘होय’ दाबले जाईना. मागे एकदा ते मी फार सहज दाबले होते. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि माझे बोट दाबले.

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी किती ऐकले हे विचारण्याची गरज नव्हती. ते तर त्यात होतेच. “गेलं का पूर्ण?” त्यांनी मला विचारले.

“पाटी गेली,” मी म्हणालो. “दुसरा कोणी राहायला येईपर्यंत आत आहे.”

त्यांनी थोडा विचार केला. मग खुर्ची ओढून ते संगणकापुढे बसले, बावीस दिवसांनी प्रथमच, आणि नव्या प्रणालीतला पत्त्यांचा खेळ शोधून काढला. पहिला डाव मांडला, हरले, दुसरा मांडला. पाठ आमच्याकडे होती. पत्ता टाकताना ते अंगठा जरुरीपेक्षा जोराने दाबत होते.

त्या तुकड्याचे मूळ जुन्या डिस्कवर तसेच आहे आणि ती डिस्क माझ्या कपाटात, तिसऱ्या फळीवर आहे. हे मी त्यांना सांगितले नाही. नाशपत्रावर सही झाल्याशिवाय मी आजवर कोणताही दस्तऐवज नष्ट केलेला नाही. माझ्या कपाटातील प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आहे. या एका वस्तूवर काय लिहावे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

भाऊजी एक तास खेळले. मग आणखी एक. त्यांचे डोळे लाल झाले, ते बाहीने पुसत आणि पुन्हा डाव मांडत. बहीण माझ्याशेजारी बसून पाहत होती. सहाशे बारा तिच्या समोरच होते; वाक्ये वाजवण्याचा वेगळा छोटा कळफलक तिच्या मांडीवर, त्या वाक्याची कळ बोटाखाली. बारा वाजले. आमची उठण्याची वेळ झाली.

तिने कळ दाबली नाही.